रबराखालची चकती

सेन्सरवर चालणाऱ्या रंगमंचीय प्रयोगांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं आणि मी शहरातली प्रेक्षागृहं सोडून करकंबला गेलो. पंढरपूर तालुक्यातल्या या गावाचं नाव बाजार आमटीसाठी घेतात. मी मात्र गेलो तिथल्या एका वादकासाठी. सेन्सर आपल्याकडच्या जत्रांत, ऑर्केस्ट्रांत आणि बेंजो पार्ट्यांत केव्हाच रुळलाय. त्याचं नाव ऑक्टोपॅड, काडीनं वाजवायच्या रबरी पॅडांचं यंत्र.

जपानच्या रोलँड कंपनीनं 1985 मध्ये पहिला ऑक्टोपॅड आणला. त्याला स्वतःचा आवाज नव्हता. तो दुसऱ्या यंत्राला नुसता इशारा द्यायचा. पुढे आवाज आतच आले, हवे ते भरताही येऊ लागले. मग हलगी, संबळ, ढोलकी एकाच स्टँडवर येऊन बसली.

रबराखाली पिझो चकती असते. दाब पडला की वीज देणाऱ्या स्फटिकांचा हा गुण क्युरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवला होता. काडी पडली की चकतीतून क्षणभर वीज उसळते आणि यंत्र तिला 1 ते 127 मधला आकडा देतं. तेवढ्यावरून आवाज लहानमोठा होतो.

करकंबचा वादक कार्यक्रमाआधी प्रत्येक पॅडवर आधी हलकी, मग जोराची काडी मारून शेजारचं पॅड गप्प राहतंय का ते ऐकतो. लावणी सुरू झाली की त्याची नजर पॅडवर नसतेच. नर्तकीचा खांदा थांबतो, त्याच क्षणी झांज पडते. नर्तकी एक ठेका जास्त रेंगाळली तर त्याची काडीही हवेतच थांबते. सेन्सर काडी ओळखतो. नर्तकीची गिरकी ओळखतो तो हा माणूस. त्याचं हे कसब मला फार मोठं वाटतं.

तो मूळचा ढोलकीवाला. म्हणूनच यंत्राची उणीव त्याला सर्वांत जास्त सलते. ढोलकीच्या धुमवर, म्हणजे खर्जाच्या बाजूवर, तळवा दाबत नेला की घुमारा वर चढतो. पिझोला ठोका कळतो, टेकून राहिलेला हात कळत नाही. अजय कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रिन्स्टनमध्ये केलेल्या इलेक्ट्रॉनिक तबल्यात (2002) दाब मोजणारे वेगळे सेन्सर होते. जत्रेच्या स्टेजवर तसं काही पोचलेलं नाही.

तिथल्या अडचणी वेगळ्याच. फळ्यांच्या स्टेजवर बेस स्पीकर दणाणला की पॅड आपोआप वाजतं. सेन्सिटिव्हिटी उतरवली तर नाजूक बोल गळतात. म्हणून स्टँडखाली गोधडीची घडी घालायची. जनरेटर दमला की गाणं चालू असतानाच यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होतं, आणि तोवर शेजारचा ढोलकीवाला ठेका धरून ठेवतो. नेमका त्याचाच खर्च आयोजकांना जड होतो. एवढे आवाज एका डब्यात असताना दुसरा माणूस कशाला, असं सुपारी ठरवतानाच विचारतात. हा वादक तरीही जोडीदाराशिवाय सुपारी घेत नाही. त्यापायी काही कार्यक्रम हातचे गेले आहेत, आणि यंदाच्या लग्नसराईतही जातील असं त्याला दिसतंय.