गिधाडाची गोष्ट मुलांना सांगा

दुर्मीळ प्राण्यांवरचं मुलांचं कुठलंही पुस्तक घ्या, मुखपृष्ठावर बहुधा वाघ नाहीतर पांडा असतो. गिधाड क्वचितच. बोडकी मान, रक्ताने माखलेली चोच आणि खाणं मेलेल्या ढोराचं. यात मुलांना दाखवायचं काय, असं मोठ्यांना वाटत असावं. मला मात्र प्राणी वाचवण्याची याहून चांगली गोष्ट माहीत नाही. एखाद्या रहस्यकथेसारखा तिच्यात तपास आहे, आणि तो सगळा खरा आहे.

१९९० च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांना झाडांखाली मेलेली गिधाडं दिसू लागली. जिवंत होती त्यांतली काही मान खाली टाकून निपचित बसलेली असायची. १९९२ ते २००७ या काळात भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारातलं जेमतेम एक उरलं.

आधी संशय आला साथीच्या रोगाचा, मग कीटकनाशकांचा. पाकिस्तानातल्या पंजाबात अमेरिकी पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी मेलेली गिधाडं तपासत होते. पोट उघडलं की आतल्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसायचा. ते होतं युरिक ॲसिड. म्हणजे मूत्रपिंडं निकामी झाली होती. पण कशाने? रोगजंतू सापडेनात, विषं सापडेनात. तेव्हा त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला: गिधाडं जी जनावरं खातात, त्यांना माणसं कोणती औषधं देतात? उत्तर निघालं डायक्लोफेनॅक, साधं वेदनाशामक. २००४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं.

मुलांना इथे थोडा वेळ थांबवावं. लंगडणाऱ्या बैलाला इंजेक्शन देणारा शेतकरी दुष्ट नव्हता. त्याला बैलाचं दुखणं बघवत नव्हतं. तो बैल दोन दिवसांत मेला आणि माळावर टाकला, तर औषध अजून मांसात असायचं. एका ढोरावर कितीतरी गिधाडं एकदम तुटून पडतात. त्यामुळे शंभरातलं एखादं ढोर औषध घेतलेलं असलं, तरी सगळी जात संपायला ते पुरेसं, असं गणिताने दाखवून दिलं. हे गणित पाचवीतल्या मुलालाही पटतं.

पुढचं काम किचकट. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारं औषध चाचण्या घेऊन शोधलं गेलं. तरी माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचतच होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्या इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरची केली. २०२३ मध्ये जनावरांसाठीच्या किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक या वेदनाशामकांवरही बंदी आली.

हरियाणातल्या पिंजोरला गिधाडांची पैदास सुरू झाली. मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला साधारण पाच वर्षं लागतात, म्हणजे घाई करून काही उपयोगच नाही. २०२४ मध्ये पिंजोरची काही गिधाडं आपल्या ताडोबा आणि पेंचला आणली. त्यातली काही दगावलीही. पुस्तकात हेही लिहावं, मुलं ते समजून घेतात.

अशा पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मी चित्र काढणार नाही. दोन नावं ठळक अक्षरांत छापेन, डायक्लोफेनॅक आणि मेलॉक्सिकॅम, म्हणजे घरच्या गाईला सुई टोचताना गावातलं पोर कुपीवरचं नाव वाचून डॉक्टरांना विचारू शकेल.