मुदीसारख्या पेशीचे कूळ

एंडोस्कोपी करताना जठराच्या अस्तरातून काढलेला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. तो मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप काढायचे, जांभळा आणि गुलाबी रंग चढवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. एरवी पेशीच्या मधोमध असणारे केंद्रक काही पेशींत एका कडेला चेपून बसलेले दिसते आणि उरलेली पेशी श्लेष्म्याच्या एकाच मोठ्या थेंबाने फुगलेली असते. शिक्का मारायची जुनी मुदी जशी दिसे, तशीच. म्हणूनच या कर्करोगाचे नाव सिग्नेट रिंग सेल कार्सिनोमा.

या पेशींनी वैद्यकाला पूर्वीही चकवले आहे. १८९६ साली जर्मनीत फ्रीडरिश क्रुकेनबेर्ग यांनी बीजांडकोशात अशा पेशींच्या गाठी पाहिल्या आणि त्या तिथल्याच मूळ गाठी मानल्या. त्यांतल्या बहुतेक गाठी जठरातून पसरलेल्या असतात, हे पुढे कळले. गाठींना क्रुकेनबेर्ग यांचे नाव मात्र आजही आहे.

एवढ्या दूर जाणाऱ्या या पेशी शेजारणीचा हात धरत नाहीत. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे ई-कॅडेरिन हे प्रथिन त्यांच्यात अनेकदा नाहीसे झालेले असते. न्यूझीलंडच्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या जठराच्या कर्करोगाने तरुण माणसे जात होती. १९९८ साली पॅरी गिलफर्ड आणि सहकाऱ्यांनी त्यामागे याच प्रथिनाच्या जनुकातला, सीडीएच-१ मधला, दोष असल्याचे दाखवले. सुट्या पेशी ठळक गाठ न करता जठराच्या भिंतीत झिरपत जातात. भिंत जाड, ताठ होते आणि जठर चामडी बुधल्यासारखे बनते. वरचे अस्तर बऱ्यापैकी ठीक दिसत असल्याने एंडोस्कोपीतही हा रोग निसटू शकतो.

रोगाचे कोडे इथे संपत नाही. जठरात आम्ल आणि श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशींच्या अधूनमधून चेता-अंतःस्रावी, म्हणजेच न्यूरोएंडोक्राइन, पेशी विखुरलेल्या असतात. कुणी गॅस्ट्रिन हे संप्रेरक बनवते, कुणी हिस्टामिन सोडून आम्लाचा नळ उघडते. क्रोमोग्रॅनिन-ए आणि सिनॅप्टोफायसिन ही प्रथिने त्यांची ओळखपत्रे. प्रतिपिंडांच्या साह्याने ती रंगवून दाखवणाऱ्या तपासणीला आयएचसी म्हणतात. काही रुग्णांच्या मुदीसारख्या पेशींत हीच ओळखपत्रे सापडतात. श्लेष्मा बनवणाऱ्या म्हणून ओळखल्या गेलेल्या पेशीच्या खिशात अंतःस्रावी पेशीचे कार्ड!

नॉर्वेतील ट्रॉनहाइमचे हेल्गे वाल्डुम आणि सहकारी गेली अनेक वर्षे एक धाडसी मत मांडत आहेत. यांतल्या बऱ्याच पेशींचा उगम हिस्टामिन बनवणाऱ्या ईसीएल पेशींतच असावा, असे ते म्हणतात. बहुसंख्य तज्ज्ञ या रोगाला ग्रंथिपेशींचाच कर्करोग मानतात. त्यांचा आक्षेप असा, की खुणेवरून उगम सिद्ध होत नाही. जठराच्या ग्रंथीतल्या एकाच मूळपेशीपासून श्लेष्मपेशीही जन्मते आणि अंतःस्रावी पेशीही. म्हणजे या दोघी सख्ख्या बहिणी. कर्करोगात जनुकांची शिस्त मोडली, की एकीच्या अंगावर दुसरीचा दागिना दिसू शकतो. मला हे स्पष्टीकरण अधिक पटते. तरीही ट्रॉनहाइमचा प्रश्न मोलाचा आहे, कारण नुसत्या आकारावरून ठेवलेल्या नावाची फेरतपासणी करायला तो भाग पाडतो. ऋषीचे कूळ विचारू नये म्हणतात. कर्कपेशीचे मात्र विचारावेच लागते.

उपचार ठरवताना खूण आणि उगम यांतला हा फरक नेमका जपावा लागतो. विखुरलेल्या काही पेशींनी क्रोमोग्रॅनिनचा रंग घेतला, एवढ्यावरून रोगाचे नाव बदलत नाही. अर्बुदात चेता-अंतःस्रावी पेशींचा आणि ग्रंथिपेशींचा असे दोन वेगळे घटक दिसले आणि प्रत्येक घटक किमान ३० टक्के भरला, तरच जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार त्याला ‘मिश्र’ म्हणतात. चेता-अंतःस्रावी कार्सिनोमावर सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन आणि एटोपोसाइड ही औषधे मुख्यतः दिली जातात, तर जठराच्या नेहमीच्या कर्करोगासाठीची औषधयोजना वेगळी असते.

म्हणून रिपोर्टमध्ये ‘न्यूरोएंडोक्राइन’ शब्द दिसला, की घाबरून इंटरनेट चाळत बसू नका. किती टक्के पेशी, वेगळा घटक आहे की विखुरलेल्या पेशी, आणि त्यामुळे उपचार बदलतो का, हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारा. शंका राहिलीच तर तपासणीचा मेणाचा ठोकळा, म्हणजे पॅराफिन ब्लॉक, मागून घ्या आणि पचनसंस्थेच्या कर्करोगांचा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. आणि भूक मंदावणे, दोन घासांत पोट भरणे, कारण नसताना वजन घटणे अशी लक्षणे रेंगाळली, तर आम्लपित्ताच्या गोळ्यांवर महिने काढू नका. वेळेवर एंडोस्कोपी करून घ्या.