अभयारण्यातील वनौषधी-दर्शन : काही पथ्ये

पावसाळा स्थिरावला की ठिकठिकाणच्या वैद्यमंडळींच्या वनस्पती-परिचय सहली निघू लागतात. ग्रंथांत वाचलेली व औषधालयात वाळलेल्या स्वरूपात हाताळलेली वनस्पती जिवंत अवस्थेत पाहणे हा द्रव्यगुणाच्या अभ्यासाचा आवश्यक भाग आहे, याविषयी दुमत नाही. मात्र सहल अभयारण्यात जाणार असेल, तर आपण तेथे दर्शनासाठी जात आहोत, संग्रहासाठी नव्हे, हे प्रथम मनाशी पक्के केले पाहिजे.

भीमाशंकरचेच उदाहरण घेऊ. १९८५ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे १३० चौरस किलोमीटरचे आहे. राज्यप्राणी शेकरूचा हा महत्त्वाचा अधिवास. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो आणि उंच फांद्यांत घरटे बांधतो. म्हणून झाडांची सलग छाया तुटली की त्याची वाटच तुटते. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनासाठी येणाऱ्या भाविकांचा भार या अरण्यावर आहेच. त्यात अभ्यासकांनी भर घालणे शोभणारे नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याविषयी स्पष्ट आहे. कलम २७ व २८ अन्वये अभयारण्यातील प्रवेश नियंत्रित असून अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन आदी कारणांसाठी परवाना दिला जातो. प्राण्यांना त्रास देणे व कचरा टाकणे यांसही मनाई आहे. कलम २९ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीवाचून तेथील वनोपज काढता वा नेता येत नाही. प्रवेशाची पावती म्हणजे मुळी उपटण्याचा परवाना नव्हे.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. जैविक विविधता अधिनियमात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने उपजीविकेसाठी व्यवसाय करणाऱ्या नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना सवलत दिली आहे, म्हणून आपणांस सर्वत्र मोकळीक आहे, असे काही व्यवसायबंधू समजतात. ती सवलत राज्य जैवविविधता मंडळाला द्यावयाच्या पूर्वसूचनेपुरती आहे. अभयारण्याचा कायदा स्वतंत्र असून तो वैद्यासही तितकाच लागू आहे.

हे लिहिताना आम्ही स्वतःस वगळत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याच एका सहलीत सफेद मुसळीचे रोप दिसताच, विद्यार्थ्यांना मुळे दाखवावीत या हेतूने आम्ही ते उपटले. सोबतचा स्थानिक वाटाड्या शांतपणे म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब, पुढच्या वर्षीच्या पोरांना काय दाखवणार?’’ आमच्यापाशी उत्तर नव्हते. मुसळीला तेव्हा फुले होती. बी धरलेले नव्हते. शिवाय मुळांचा संग्रह ग्रीष्मात किंवा शिशिरात, पाने गळून गेल्यावर करावा, असे चरकसंहितेचे कल्पस्थान सांगते. म्हणजे कायदा तर आम्ही मोडलाच, शास्त्रही मोडले आणि हाती आले ते हीनवीर्य द्रव्य.

या अनुभवानंतर आम्ही काही पथ्ये कटाक्षाने पाळतो. सहलीपूर्वी वनाधिकाऱ्यांकडे लेखी परवानगी मागावी व उद्देश नमूद करावा. एका गटात दहा-बाराहून अधिक जण नसावेत आणि स्थानिक वाटाड्यास योग्य मानधन द्यावे. ठरलेली पायवाट सोडू नये. पान, खोड, फूल व फळ यांची छायाचित्रे मोजपट्टी ठेवून घ्यावीत. रस-गंधाच्या परीक्षेसाठी साल तासू नये. ती परीक्षा महाविद्यालयाच्या औषधी उद्यानात करावी. निघण्यापूर्वी बुटांचा चिखल व कपड्यांना चिकटलेले बी झाडून काढावे, अन्यथा रानमोडीसारखे उपद्रवी तण आपल्याच पायांनी अरण्यात शिरते. माकडांना खाऊ घालू नये आणि आणलेले प्लास्टिक परत न्यावे.

दुर्मीळ वनस्पतीचे नेमके ठिकाण छायाचित्रासोबत प्रसिद्ध करू नये, हे विशेष महत्त्वाचे. नरक्या या वृक्षात कर्करोगावरील औषधांच्या निर्मितीस लागणारे कॅम्प्टोथेसिन आढळल्यावर सह्याद्रीत त्याची मोठ्या प्रमाणावर चोरटी तोड झाली. अभ्यासकाने उत्साहाने सांगितलेला पत्ता तोड करणाऱ्याच्याही उपयोगी पडतो.

औषधनिर्माते व औषधालयांचे चालक यांची जबाबदारी अभयारण्याच्या सीमेवर संपत नाही. आंबेगाव-जुन्नर परिसरातील महादेव कोळी कुटुंबांना बाळहिरड्याच्या विक्रीतून रोख उत्पन्न मिळते. तो माल वैध मार्गाने, रास्त भावाने घेणे उचितच आहे. परंतु बाजारभावापेक्षा फारच स्वस्त आणि मूळ ठिकाण न सांगता आलेल्या मालाविषयी विक्रेत्यास विचारणा झाली पाहिजे. ‘कोठून आणला?’ हा प्रश्न खरेदीच्या वेळी विचारला गेला, तर अरण्यातील कुऱ्हाड काही अंशी तरी थांबेल. लागवडीच्या मालास प्राधान्य देणे हा त्याहून चांगला उपाय.

रोग्यास आपण पथ्य सांगतो, ते औषधाचा गुण यावा म्हणून. अरण्यातील पथ्य औषधच शिल्लक राहावे म्हणून आहे. यंदाच्या सहलीस निघताना खुरपे व पिशवी घरी ठेवून वही व भिंग सोबत घ्यावे, अशी सर्व वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती आहे.