गल्ला भरला, मजुरी सुटली का?
आमच्या गटाने आठवडी बाजारात पहिल्यांदा उडदाचे पापड विकले, तेव्हा गल्ल्यात १२०० रुपये जमले. आम्ही खूश! घरी येऊन वही उघडली. डाळ, मसाला, तेल, पिशव्या ८२०, जीपभाडे १२०, बाजाराची पावती २०. उरले २४०. लाटायला चौघी, विकायला दोघी, दिवसभर. म्हणजे एकीच्या वाट्याला ४० रुपये!

आता भाव ठरवताना आम्ही मजुरी आधी धरतो. बाजारात एक फेरी मारून इतरांचा भाव बघतो. संध्याकाळी भाजीवाली भाव पाडते, कारण भाजी टिकत नाही. पापड टिकतो, उरला तर परत आणतो, मातीमोल विकत नाही.

तुमच्या गटाचीही वही आज उघडा. तुमची मजुरी सुटते का?