गुळणीपुराण

घरात तान्हं बाळ आलं की बापाच्या प्रत्येक शर्टाच्या खांद्यावर आंबूस वासाचा पांढरट डाग पडतोच. चार महिन्यांच्या आसपासची निम्म्याहून जास्त बाळं रोज एकदा तरी गुळणी टाकतात. वर्षाची होईतो बहुतेकांचं हे प्रकरण आपोआप मिटतं.

मोठ्यांची अन्ननलिका सुमारे 25 सेंटिमीटर, नवजात बाळाची जेमतेम 10. तळाची झडप कच्ची, आहार सगळा पातळ, मुक्काम दिवसभर आडवा. दूध वर येणार नाही तर काय!

बरं, ही ‘ॲसिडिटी’च असते असंही नाही. दूध आम्ल शमवतं, त्यामुळे पाजल्यापाजल्या वर येतं ते बहुतेकदा नुसतं दूधच. खेळत्या, वजन वाढत्या बाळाला त्यासाठी औषध लागत नाही.

‘सगळं दूध काढलं गं!’ चमचाभर दूध दुपट्यावर ओतून बघा, तळं दिसतं. आजीला हा प्रयोग आपापल्या जबाबदारीवर दाखवावा.

ग्राइप वॉटर 1851 मधलं, नॉटिंगहॅमच्या विल्यम वूडवर्ड या औषधविक्रेत्याचं. मूळ कृतीत शेपेचं तेल, खायचा सोडा, साखर आणि चक्क दारू! बाळ शांत का होई, हे वेगळं सांगायला नको. दारू पुढे गेली. शेपा आपल्याकडेही आहेच, पण ‘बाळंतशेपा’ आपण आईला देतो, इंग्रजांनी बाळाला पाजला. आता डॉक्टर पहिले सहा महिने ग्राइप वॉटर आणि गुटी, दोन्हींना नाही म्हणतात.

दूध काढतं म्हणून पालथं झोपवू नका. उताण्या बाळाची श्वासनलिका वर असते, अन्ननलिका खाली. दुधाला श्वासनलिकेत शिरायला चढ चढावा लागतो.

चोखणं, गिळणं, श्वास ही तिहेरी कसरत गर्भाच्या 34व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागते. त्याआधी जन्मलेल्यांना नळीने दूध, मग वाटी-चमचा किंवा बोंडलं. माळ्यावरचं बोंडलं असं अतिदक्षता विभागात पोचलंय!

उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल, तर मात्र लगेच दवाखाना. तीन ते सहा आठवड्यांच्या बाळाची उलटी कारंज्यासारखी उडत असेल, तर जठराचं खालचं दार जाड झालेलं असू शकतं. मुलग्यांत हे जास्त. छोटी शस्त्रक्रिया होते आणि काही तासांत बाळ पुन्हा दूध पिऊ लागतं. थोडे दिवस गुळणीही टाकतं.