पाऊस डोंगरावर, पूर दरीत

जालन्याकडच्या माणसाची पुराबद्दलची समज कुंडलिका, दुधना, पूर्णा या नद्यांनी घडवलेली असते. पात्र पसरट, काठ हाताशी. पाणी चढताना दिसलं की मागे सरकायला बहुतेक वेळा जागा सापडते. २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला आणि इगतपुरी-भंडारदऱ्याचा मुलूख जालनेकरांच्या शनिवार-रविवारच्या टप्प्यात आला. तिथे, अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळ, सांदण दरी आहे आणि तिथे ही समज कामाला येत नाही. रतनगडाच्या शेजारी काळ्या कातळात पडलेली ही अरुंद भेग. दोन्ही भिंती दोनशे फुटांहून उंच, तळाशी धोंड्यांचा खच, सुरुवातीलाच गारठलेल्या पाण्याचे डोह, आणि पुढे कोकणाकडे उतरायचं तर दोर लावल्याशिवाय गत्यंतर नाही. काठ इथे नाहीच. म्हणून मला वाटतं, अशा दरीत जीव वाचतो तो आत शिरण्याआधी घेतलेल्या निर्णयाने. आत गेल्यावर निर्णयाला फारशी जागा उरत नाही.

साधा हिशेब करून पाहा. एक चौरस किलोमीटर उतारावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५ कोटी लिटर पाणी पडतं. त्यातलं निम्मं जरी कातळावरून त्याच तासात घळीत आलं, तरी सेकंदाला सुमारे ७ हजार लिटर. तीन मीटर रुंदीच्या फटीत ते धावत आलं की कमरेच्या वर चढतं, आणि सोबत दगड-ओंडके घेऊन येतं. शिवाय हा पाऊस आपल्या डोक्यावर पडायला हवा असंही नाही. अमेरिकेत अॅरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ रोजी ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस कोसळला होता कित्येक मैल दूर, वरच्या अंगाला. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली, तीही पाण्याचा लोंढा एकाएकी वाढल्यामुळे.

‘आम्ही पावसाळ्यात जातच नाही’, असं कुणी म्हणेल. ते योग्यच, हिवाळा हाच दरीचा खरा मोसम. पण मार्चमधली अवकाळी आणि गारपीट जालन्याच्या शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. अंदाज पाहायचा तो घाटमाथ्याचा, आपल्या गावचा नव्हे. आणि दूरवर गडगडलं तरी परतायचं. नितळ पाणी गढूळ होणं, पालापाचोळा वाहत येणं या खुणा दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. ‘पोहता येतं’ हा भरवसाही विहिरीपुरताच. धोंड्यांवर आपटत नेणाऱ्या प्रवाहात हात मारायलाच मिळत नाही. तळाशी मुक्काम तर कधीच नको. वरून सुटणाऱ्या दगडांसाठी डोक्यावर हेल्मेट हवं, आणि परतण्याची वेळ गावात कुणाला तरी सांगून ठेवलेली हवी.

‘गावचा वाटाड्या बरोबर असतो ना’, हा आक्षेप सर्वांत वजनदार. त्याची नजर आपल्यापेक्षा पक्की असते, यात शंका नाही. पण त्याची रोजची मिळकत आपल्यावर अवलंबून असेल आणि आठ-दहा जणांचा गट इतक्या लांबून आल्याचं सांगत पुढे रेटत असेल, तर तो ‘नको’ कसं म्हणणार? म्हणून बोलणी करतानाच ठरवावं: त्याने दरीच्या तोंडावरून परत फिरवलं, तरी त्याला दिवसाचे पैसे पूर्ण मिळतील.