मोटर थांबली, पण हात घालायचा का?

थळचा आरसीएफचा कारखाना अलिबाग-पेणकडच्या वाचकांना सांगायला नको. १९८५ पासून तिथे अमोनिया आणि युरिया बनतो. युरियाची गोणी आता ४५ किलोची असते. असा माल हलवायचा म्हणजे कन्व्हेयरचे पट्टे आलेच. पुढचं वर्णन एका कारखान्याचं नाही, कुठल्याही गोण्या भरणाऱ्या लाइनचं समजा.

गोणी फाटून रोलरजवळ अडकते. कामगार स्टॉप दाबतो, पट्टा थांबतो. पण साध्या स्टॉपने ड्राइव्हला मिळते ती फक्त सूचना. ती पाळणारा प्रोग्रॅम बिघडला, किंवा कंट्रोल रूममधून कुणी चुकून स्टार्ट दिला, तर पट्टा चालू होतो आणि हात आतच असतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम २१ फिरत्या भागांभोवती कुंपण मागायचं. अडकलेली गोणी काढायला मात्र ते कुंपण उघडावंच लागतं.

इथे ‘सेफ टॉर्क ऑफ’ कामाला येतं. ड्राइव्ह आधी एसीचं डीसी करतो, मग सहा इलेक्ट्रॉनिक स्विच ठरावीक क्रमाने उघडझाप करून मोटरसाठी फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार करतात. ही उघडझाप करवणारे पल्स अडवले की मोटर जोर लावूच शकत नाही, मग प्रोग्रॅम काहीही म्हणो. मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी: एखादा स्विच जळून शॉर्ट झाला, तरी नुसत्या डीसीवर इंडक्शन मोटर फिरत राहत नाही. (कायमचुंबकाच्या मोटरीला दोन स्विच एकदम गेल्यास एक छोटा झटका बसू शकतो. तो हिशोबात धरावा लागतो.)

पल्स अडवणारे मार्ग दोन असतात, आणि दोन्ही जुळतायत का हे तपासत राहावं लागतं. एक मार्ग गुपचूप बिघडला आणि कुणाला कळलंच नाही, तर दुसरा एकटाच उरतो. माझी पीएचडी या तपासणीभोवतीच फिरते.

‘सिल ३’ पातळीला धोकादायक बिघाडाची शक्यता तासाला एक कोटीत एकापेक्षा कमी लागते. एक कोटी तास म्हणजे सुमारे ११४० वर्षं! ऐकायला भारी वाटतं. पण मर्यादेवरचे असे हजार ड्राइव्ह सतत चालू असतील, तर साधारण वर्षाला एक बिघाड निघेल.

आणि हो, टॉर्क ऑफ म्हणजे वीज बंद नव्हे. मोटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज असू शकतं. वायरिंगला हात लावायचा तर आयसोलेटर बंद करून कुलूप घालायचं, आणि कपॅसिटर उतरेपर्यंत ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं थांबायचं. चढावरचा भरलेला पट्टा तर जोर काढल्यावर मागेही घसरतो. त्याला ब्रेक वेगळाच लागतो.